करेप्पाचं माप

वडगावच्या चन्नवीरनं दोन्ही माग विकले,
वजनावर, भंगारात,
आणि लेकीकडं गदगला जाताना
कुत्रं आमच्या खानापूरच्या दारात बांधून गेला.
भाकरी ताकात बुडवून द्या म्हणाला, कोरडी खात नाही.
नाव करेप्पा.
बाकीचं सांगेपर्यंत गाडी सुटली.

दादांनी त्याच दिवशी नाव बदललं.
काळू, ये. काळू, बस.
काळूनं एक कान हलवला
आणि रस्त्याकडं बघत राहिला.

आठवडाभर झोपला नाही.
भिंतीला पाठ लावून उभा,
रात्रभर नखं शहाबादी फरशीवर टिकटिक.
मी पोतं घातलं. मग पोत्यावर पोतं.
मग आईचं विरलेलं इरकल चौपदरी करून.
वाससुद्धा घेतला नाही.
शेजारची पोरं पानावर कुंदा घेऊन आली,
"खा रे खा."
"गोड नको गं घालूस, पोट बिघडूलालंय त्याचं,"
मी ओरडले, आणि तो कुंदा मीच खाल्ला.

जनावरांच्या डॉक्टरांनी मागचे पाय दाबून पाहिले.
सांधे झिजलेत, गार फरशीवर नको.
आणि कशाला तरी भितोय, बघा जरा.
"कशाला भिईल? मला?"
दादा वाटेत तीनदा म्हणाले.

मग शाळेच्या चड्ड्यांची ती रात्र.
चाळीस नग, सकाळी द्यायचे.
दादांनी मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला,
खटखट खटखट खटखट,
आणि करेप्पा भिंत सोडून आला,
पायट्याशेजारी अंगाचं वेटोळं करून
असा पडला की मला वाटलं, गेलं.
झोपला होता.
मागाखाली जन्मलेलं पिल्लू ते.
आमच्या घरातली शांतता
त्याला मागाचा पट्टा तुटल्यासारखी वाटत असणार.

दुसऱ्या दिवशी दादांनी गळ्यातली टेप काढली.
मान चौदा. छाती बावीस. पाठ एकवीस.
गिऱ्हाइकांच्या वहीत, नव्या पानावर,
आगाऊ रकमेच्या रकान्यात एक रेघ मारून.
कापडाचे तुकडे भरून गादी शिवली,
टेरिकॉटचे, खाकी, एका लग्नाच्या कोटाचं अस्तर,
आणि मोर्च्याच्या पट्ट्या कापून उरलेलं काळं.
थंडीसाठी एक बंडी, पोटाखाली बटणं.
बटणं त्यानं दोन दिवसांत चावली.
दादांनी नाड्या लावल्या.

वहीत वर काय लिहायचं यावर मात्र ते अडले.
पेन्सिल बराच वेळ कानावर.
शेवटी लिहिलं, करेप्पा. मराठीतच लिहिलं.

हे श्याऐंशीला लाठी खाल्लेले दादा.
दुकानाच्या पाटीवरची अक्षरं
दोनदा पुसली गेली, दोनदा रंगवणारे.
तालुक्याच्या कचेरीत कानडी अर्ज
उलटा धरून उभे राहणारे, मुद्दाम.
मला शाळेत कानडीत पस्तीस पडले
तर पेढे नाहीत, पण रागावलेही नाहीत.

एक नोव्हेंबरला फेरीहून दुपारी आले.
दंडावर पट्टी, सदरा घामानं ओला.
मी आत डाळ फोडणीला टाकत होते.
पडवीत करेप्पा उठायला बघत होता,
मागचे पाय घसरत होते.
दादा खाली बसले, चप्पल न काढता.
हळू, कुणी ऐकू नये असं,
"मलको," म्हणाले. "मलको, साकु."
तो पडला. शेपूट दोनदा फरशीवर आपटली.
मी फोडणी जळू दिली.

आता गोचिड्या मी काढते, चिमट्यानं,
उन्हाळ्यात ओलं पोतं मी टाकते,
गोळी गुळात नाही, भाकरीत लपवते.
दादांची नजर गेलीय, शिवणं बंद आहे.
तरी दहा वाजले की ते स्टुलावर बसतात,
मशीनमध्ये दोरा नाही, सुई काढून डबीत ठेवलेली,
आणि पायटा मारतात.
कधी अर्धा तास. कधी
कोण आधी झोपलं ते
मला उठून बघावं लागतं.